हलू नका

दोन्ही कॅमेरे काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून आबा त्यांच्याकडे बघत बसले होते. एकाच दिवशी दोन स्थळं सांगून आली आणि एकाला नकार कळवायचाय, अशी त्यांची मुद्रा होती.

"हा ठेवायचा," त्यांनी डावीकडच्यावर बोट ठेवलं. "फोटो दोघांचे सारखेच येतात. त्या दुसऱ्याला जास्तीचे पैसे कशाचे? तर व्हिडिओचे. आपल्याला व्हिडिओ लागतो कशाला?"

"लोक मागतात आबा. बारशालासुद्धा मागतात."

"लोक उद्या सनईपण तूच वाजव म्हणतील. वाजवशील?"

आबांशी वाद घालायचा म्हणजे आधी पोटभर खाऊन घ्यावं लागायचं. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत आमचा छोटा स्टुडिओ होता, रिळाच्या कॅमेऱ्यावर आबांनी, माझ्या वडिलांनी, तो उभा केला होता. मी कॉलेज संपवून त्यांच्या हाताखाली आले, तेव्हा नवा डिजिटल कॅमेरा घ्यायचं ठरलं. मोठा झेपणारा नव्हता, तेव्हा पहिल्या पायरीवरचाच, भिंगं बदलता येणारा. कोल्हापूरचे मोकाशी म्हणजे आबांचे जुने दोस्त. त्यांनी दुकानातले दोन्ही आमच्या पिशवीत घातले आणि म्हणाले, "एखादं काम करून बघा. पटेल तो ठेवा, दुसरा मंगळवारी आणून द्या." पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा असा विश्वास टाकायचे लोक.

मला व्हिडिओवालाच हवा होता. सकाळपासून मी त्याच्या डोक्यावरची, फोटो की व्हिडिओ ते ठरवणारी चकती फिरवून खेळत होते. पंख्याचा व्हिडिओ काढला, चहाच्या वाफेचा काढला, माझ्यावर ओरडणाऱ्या आबांचाही काढला. तो त्यांना दाखवला तर म्हणाले, "हलतं ते रोज बघतोच की आपण. फोटोवाल्याचं काम माणसाला थांबवायचं."

तेवढ्यात फोन वाजला. हिरण्यकेशीच्या काठच्या एका गावातून चनाप्पा बोलत होता. त्याच्या लग्नाचे फोटो आबांनीच काढले होते.

"अव्वा गेली पाटंच. बसवलीया. फोटू पायजे. दिस मावळायच्या आत माती द्याची हाय, बिगीनं या."

आमच्या भागात लिंगायतांमध्ये गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून भिंतीशी टेकवून बसवतात आणि बसलेलंच विमानातून, म्हणजे सजवलेल्या पालखीतून, नेऊन माती देतात. नेण्याआधी सगळं घर भोवती बसून फोटो काढून घेतं. पुष्कळ म्हाताऱ्या बायांचा तर जन्मभरात तेवढाच एक नीट फोटो निघायचा आणि तोच भिंतीवर लागायचा. आबांनी असे किती काढले होते त्याला गणती नव्हती. मयताच्या फोटोत जिवंत माणसंच घोटाळा करतात, असं ते म्हणायचे. कुणी हुंदका देतं, कुणी डोळे पुसतं. म्हणून एकच सांगायचं, हलू नका.

"चल पमी," ते म्हणाले. "दोन्ही घे. आज तू काढ, मी मागं थांबतो."

चनाप्पाची आई नीलव्वा पुढच्या सोप्यात भिंतीशी बसली होती. हिरवं लुगडं, मनगटभर हिरवा चुडा, डोळे मिटलेले. नवऱ्याआधी गेलेली बाई म्हणून तिला सवाष्णीसारखं सजवलं होतं. अंगाखालून एक पंचा घेऊन तो मागच्या खुंटीला बांधला होता, तो दिसू नये म्हणून वर हारच हार. डावा हात मांडीवर उताणा होता आणि त्यात तिचं इष्टलिंग दिलं होतं. उजवा हात गुडघ्यावर होता. मी आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या जवळून मयत बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला ती घाबरवणारी वाटली नाही. जेवणं उरकून जरा टेकलेल्या बाईसारखी दिसत होती.

तिच्या उजव्या अंगाला तिचा नवरा बसला होता. सगळं गाव त्यांना अज्जा म्हणायचं. गुडघ्यांनी जवळजवळ अधू झालेले, कानांनी मंद. दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवून ते समोर बघत होते. सून महादेवी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "सकाळधरनं बोलनात, रडनात. पान्याचा घोट न्हाई घेतला. आमाला त्यांचीच काळजी लागलीया."

सगळे बसले. चनाप्पा अव्वाच्या डाव्या अंगाला, महादेवी मागं, बाकीचे भोवती. मी व्हिडिओवाला कॅमेरा डोळ्याला लावला तर आत सगळा अंधार. मग पाठीमागच्या पडद्यावर बघून माणसं चौकटीत घेतली.

"हलू नका हं," म्हणत मी बटण दाबलं. खट्ट आवाज आला नाही. पुन्हा दाबलं. "थांबा, हलू नका. अजून घेतला नाही. तसेच राहा."

बिचारी माणसं श्वास धरून बसली. मी बटणं चाचपत होते. मागून आबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "निघत नाहीये." शेवटी तो कॅमेरा गळ्यात सोडून दिला आणि दुसरा घेतला. त्याच्यावर खटाखट फोटो निघाले. आबा माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसले. कुठला ठेवायचा ते ठरलं, असंच ते हसणं होतं.

बाहेर केळीचे खुंट बांधून विमान सजवणं चाललं होतं. आत विधी करणाऱ्या स्वामींचे मंत्र सुरू झाले. मी अंगणातल्या कट्ट्यावर बसून त्या रुसलेल्या कॅमेऱ्यात काय बिघडलंय ते बघू लागले. बिघडलं काहीच नव्हतं. सकाळी खेळताना चकती व्हिडिओवर ठेवली होती, ती तिथंच राहिली होती. मी फोटो काढते आहे असं समजत होते आणि कॅमेरा व्हिडिओ काढत होता. मला हसू आलं. तो पुसण्याआधी बघावा म्हणून लावला.

पडद्यावर सगळं घर बसलेलं दिसलं. चनाप्पा दगडासारखा, महादेवीचा पदरसुद्धा हलत नव्हता. अज्जा काठीवर हात ठेवून समोर बघत होते. जिवंत माणसं झाडून सगळी स्तब्ध होती, मीच तसं सांगितलं होतं. आणि मधोमध बसलेल्या नीलव्वाची उजव्या हाताची दोन बोटं वर उचलली गेली आणि गुडघ्यावर टेकली. बांगड्या किणकिणल्या. जरा थांबून बोटं पुन्हा उचलली गेली, पुन्हा टेकली. वरून माझा आवाज येत होता, "हलू नका. तसेच राहा."

मी पुन्हा बघितलं. मग आबांना हाक मारली.

आबांनी चष्मा वर करून, पडदा अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग म्हणाले, "बंद कर."

"आबा, ती जिवंत असली तर?"

"पहाटे गेलीय ती. बसवलं की अंगाचा भार सुटतो, हात घसरतो. मी बघितलंय असं."

"घसरला तर खाली जाईल ना? बोटं वर उचललीत तिनं."

आत शंख वाजला. आबा हळू आवाजात म्हणाले, "पमी, आपण फोटोवाले. आत जाऊन काय सांगणार? आणि ती गेलेलीच असली तर? त्या माणसाची आई एकाच दिवशी दोनदा मरेल, कळतंय का तुला?"

"आणि गेलेली नसली तर?"

आबांनी विमानाकडे बघितलं. मग स्वतःच उठले आणि चनाप्पाला हाताला धरून बाहेर घेऊन आले.

चनाप्पानं तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलासुद्धा नाही. बोटं उचलली गेल्याबरोबर तो आत धावला, हार ओढून काढले, आईच्या छातीला कान लावला. "अव्वा, अव्वा गं," म्हणत तिचे गाल थोपटू लागला. बायका किंचाळल्या. स्वामी मंत्र थांबवून उभे राहिले. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. ज्या बायका सकाळपासून रडत होत्या त्या आता देवाला हात जोडत होत्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि मनातून एकच मागत होते, की बाई, एकदा डोळे उघड.

शेजारच्या गावातून डॉक्टर कित्तूरे आले. त्यांनी नळी लावून बघितली, पापण्या वर करून बॅटरी मारली, मान हलवून बघितली. मग चनाप्पाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गेल्यात त्या. पहाटेच गेल्यात. अंग ताठलंय सगळं."

"मग हे काय हाय?" चनाप्पानं माझ्या हातातला कॅमेरा त्यांच्यासमोर धरला.

डॉक्टरांनी बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा बघितलं. मग नीलव्वाजवळ बसून तिची तीच दोन बोटं उचलायचा प्रयत्न केला. बोटं उचलली गेली नाहीत. त्यांनी जोर लावला तसा सगळा हातच लाकडागत वर आला. त्यांनी तो हलकेच परत गुडघ्यावर ठेवला.

"मी तपासलं ते सांगितलं," ते म्हणाले. "कॅमेऱ्यातलं मला कळत नाही."

चनाप्पाचं त्यानं समाधान होणार नव्हतं. "गाडी काढा," तो म्हणाला. "कोल्हापूरला नेतो. मोटं दवाखानं हाईत तितं." भावकीतली माणसं दोन बाजूंना झाली. एक म्हणे, डॉक्टरांनी सांगितलं तरी बाईचे हाल कशाला? दुसरा म्हणे, जित्या माणसाला माती दिली तर पिढ्यान्पिढ्या फेडावं लागंल. स्वामी म्हणत होते, दिवस कलला. खुंटीचा पंचा सुटला होता आणि महादेवी सासूला दोन्ही हातांनी सावरून धरून होती. चनाप्पा सगळ्यांना एकच विचारत होता, "तिनं हात हलवलाय का न्हाई? तुमीच सांगा. हलवलाय का न्हाई?" त्याच्या डोळ्यांतली ती आशा मला बघवत नव्हती. ती मी लावली होती, आणि ती खरी निघावी म्हणून मी काहीही द्यायला तयार होते.

"म्या हलवला."

आवाज एवढा खोल आणि खरखरीत होता, की कोण बोललं ते आधी कळलंच नाही. अज्जा काठी टेकून उठायची धडपड करत होते.

"तिचा हात म्या हलवला," ते म्हणाले. "फोटूत वाकडा दिसंल म्हनून सरळ करत हुतो. उगं तिला बसवून ठिवू नका. न्या आता."

"अज्जा, तुमी? कवा?" चनाप्पानं त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"ती पोरगी बटणं दाबत हुती तवा."

चनाप्पा बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच रडत होता. कुणी त्याला गप्प केलं नाही. बायकांनी हार उचलून पुन्हा घातले, पंचा पुन्हा खुंटीला बांधला, स्वामींनी राहिलेले मंत्र म्हटले. कॅमेरा माझ्या गळ्यात होता आणि त्यात अज्जांचे दोन्ही हात काठीच्या मुठीवर होते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी आबांकडे बघितलं. त्यांनीही ते बघितलं होतं. त्यांनी मान किंचित हलवली, गप्प राहा म्हणून.

विमान निघालं. लहानथोर सगळे गेले, बायकाही गेल्या. आबा दुसरा कॅमेरा घेऊन विमानाचे फोटो काढायला गेले. अज्जांना चालवत नव्हतं, त्यांना कट्ट्यावर बसवून मला म्हणाले, "तू थांब यांच्यापाशी." भजनाचा आवाज लांब गेला. मग एवढ्या मोठ्या घरात आम्ही दोघंच उरलो.

बऱ्याच वेळानं अज्जा म्हणाले, "दाव बगू मला."

मी व्हिडिओ लावला. त्यांनी बघितला. मग कॅमेरा माझ्या हातातून घेऊन, रेडिओ धरावा तसा कानाशी धरला. "मोटा कर आवाज," म्हणाले. मी मोठा केला.

"चुडा तिचाच," ते म्हणाले.

"अज्जा," मी त्यांच्या कानाजवळ जाऊन म्हटलं, "तुमचे दोन्ही हात काठीवर दिसतात."

"व्हय. खोटंच बोललो."

"का?"

"गेली हुती ती. माज्या शेजारी गेली पाटंच. उठवाया हात लावला तर गार. डागदर काय सांगतोय मला?" त्यांनी कॅमेरा मला परत दिला. "गेल्याली परत येत न्हाई. पोराला सांगून कळलं नसतं. त्यो गाडीत घालून तिला गावोगाव फिरवत बसला असता."

"मग हे काय होतं?"

अज्जा हसले. त्या वेळी हसणारा माणूस बघून मला जास्त भीती वाटली.

"माज्या बा-च्या वक्ताला बायकोनं चारचौघांत नवऱ्याला हाक मारायची न्हाई, असं हुतं. नाव तर न्हाईच, अवो-जावोबी न्हाई. कट्ट्यावर मानसं बसल्याली असायची. मग ही आतल्या दारात बसायची आन् अशी बोटं आपटायची. चुडा वाजला की मला कळायचं." त्यांनी आपल्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवली, थांबले, पुन्हा टेकवली. "जेवान वाढलंय, आत या. बा गेला, समदी गेली, तरी हिची खोड गेली न्हाई. कान गेलं माजं, तरी तेवढं ऐकू यायचं."

मी पडद्यावरच्या नीलव्वाकडे बघितलं.

"मानसं जमल्याली बगून लाजली असंल," ते म्हणाले. "ते पूस तू. गावभर दावत बसू नगंस. तिला आवडायचं न्हाई."

मी त्यांच्यासमोर व्हिडिओ पुसला. पडद्यावर 'काही नाही' असं आलं ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. दिवस उतरणीला लागला होता. सुतक म्हणून घरात चूल पेटलेली नव्हती, दिव्याची एक वात तेवढी सोप्यात जळत होती. अज्जांनी एकदम मान वळवून दाराकडे बघितलं. मी काहीच ऐकलं नव्हतं.

"व्हय, व्हय, आलो की," ते म्हणाले आणि काठी टेकत उठले.

मी हात द्यायला पुढं झाले तर त्यांनी नको म्हटलं. दिवसभर दोघांनी धरून चालवलेला तो माणूस एकटा उंबरा ओलांडून सोप्यातून आत गेला, आतल्या अंधारात दिसेनासा झाला. पाट ओढल्याचा आवाज आला. मग कुणाशी तरी हळू बोलल्यासारखं. मी आत जाऊन बघायला हवं होतं. त्याऐवजी मी चपला घातल्या आणि लोक परत येईपर्यंत रस्त्यावर उभी राहिले.

मंगळवारी कोल्हापूरला निघताना आबांनीच व्हिडिओवाला कॅमेरा माझ्यापुढं सरकवला. "हा ठेव," म्हणाले. "तुझं बरोबर होतं. लागतो कधीकधी."

"नको," मी म्हटलं. "मला दुसराच हवा."

त्यांनी कारण विचारलं नाही. मला सांगताही आलं नसतं. इथून पुढं प्रत्येक मयताच्या घरी, प्रत्येक बसवलेल्या माणसासमोर ती चकती फिरवायचा मोह मला झाला असता. मोकाशी मात्र चकित झाले. "अहो, सगळे व्हिडिओवालाच मागतात," म्हणाले. आबा म्हणाले, "आमच्या गावाकडची माणसं अजून थांबतात."

चनाप्पा दिवसकार्य आटोपून फोटो न्यायला आला. दुसऱ्या कॅमेऱ्यावरचा तो फोटो चांगला निघाला होता. नीलव्वा शांत, दोन्ही हात जागच्या जागी. चनाप्पानं बराच वेळ तो न्याहाळला आणि डोळे पुसले. आबांनी चहा मागवला.

"अज्जा कसे आहेत?" मी विचारलं.

"ब्येस हाईत, देवाच्या दयेनं. आमी घाबरलो हुतो बगा. आता ह्यो मानूस अन्न सोडतोय, असंच वाटलं हुतं. पर दोनी वक्ताला येवस्थित जेवत्यात." चनाप्पानं बशीत चहा ओतला. "कान तर पार गेलं त्यांचं. समोर हुबं ऱ्हाऊन बोंबललं तरी कळत न्हाई. पर ताट वाढलेलं बराबर कळतंय. कट्ट्यावर मानसं बसल्याली असूंद्यात, मधनंच उठून आत येत्यात. महादेवीला हाक मारावी लागत न्हाई."

मी फोटो कागदात गुंडाळून त्याला दिला आणि त्या दिवशीपुरतं दुकान लवकर बंद करू या, असं आबांना म्हटलं.